‘तिथे काहीही नाही’ म्हणणाऱ्या वाचकांना

राजस्थानात जैसलमेरजवळच्या मरू उद्यानात (डेझर्ट नॅशनल पार्क) मोलाचं काय आहे, हे सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली एका वाचकांनी प्रतिक्रिया लिहिली आहे. ती बऱ्याच जणांनी उचलून धरली, आणि काहींनी मला ‘आता यावर बोला’ असंही सुनावलं. प्रतिक्रियेच्या चौकटीत मावणार नाही, म्हणून इथे स्वतंत्र लिहिते आहे. सोयीचं तेवढं उचललं असा आरोप नको, म्हणून त्यांचं म्हणणं आधी जसंच्या तसं देते:

“ताई, फोटो छान आहेत. पण पुण्यामुंबईच्या लोकांना वाळू आणि दोन पक्षी दिसले की गहिवर येतो, हे काही नवीन नाही. मी जैसलमेरला सौर प्रकल्पावर काही वर्षं नोकरी केली आहे. तिथे काहीही नाही. नुसती ओसाड, पडीक जमीन आहे. शेदीडशे पक्ष्यांसाठी तीन हजार चौरस किलोमीटर अडवून ठेवणं ही चैन आहे. आतल्या गावांना धड रस्ता नाही, वीज नाही, आणि तुम्ही ‘सांस्कृतिक ठेवा’ म्हणता. देशाला वीज काय तुमच्या ओरणातून मिळणार? शिवाय ते राष्ट्रीय उद्यान नाहीच, कागदावर अभयारण्य आहे. एकदा उन्हाळ्यात जाऊन बघा, मग लिहा.”

महोदय, मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्याशी कडाडून भांडलेले वाचक आहेत आणि त्यांच्याशी माझा आजही स्नेह आहे. पण तुमच्या प्रतिक्रियेची सुरुवात पाहा. तुम्ही माझ्या एकाही विधानाला हात लावलेला नाही. आधी मला ‘ताई’ केलंत, मग पुण्यामुंबईची केलंत, मग माझ्या लिहिण्याला ‘गहिवर’ ठरवलंत, आणि त्यानंतर मुद्द्याकडे वळलात. लेख एखाद्या पुरुषाने लिहिला असता तर तुम्ही ‘गहिवर’ हाच शब्द वापरला असता का? ‘अभ्यास कमी आहे’ म्हणाला असतात. ते मला चाललं असतं, कारण त्यावर बोलता येतं. गहिवरावर काय बोलणार?

आणि मी पुण्यामुंबईची नाही. मी उत्तर सोलापूर तालुक्यातली आहे. लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात ते लिहिलेलं आहे, तिथपर्यंत तुम्ही पोचला नसाल. माझे वडील पशुधन पर्यवेक्षक होते. त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी नान्नजच्या आसपासचे माळ पाहिले. कुसळीच्या गवतात बसलेल्या मेंढ्या, वाड्यावर थांबलेले धनगर, आणि दूरवर मान ताठ करून चालणारा माळढोक. तेव्हा तो दिसायचा. हीसुद्धा तुमच्या भाषेतली पडीकच जमीन होती. सातबाऱ्यावर तिची नोंद पोटखराबा, गायरान, मुरमाड अशीच काहीतरी असायची, आणि गावात येणारा प्रत्येक हुशार माणूस म्हणायचा की इथे काहीतरी केलं पाहिजे. मग केलं. कुणी नांगर घातला, कुणी बोअर मारून ऊस लावला. जिथे कुणी काही केलं नाही तिथे हिरवळ वाढावी म्हणून गिरिपुष्प आणि सुबाभूळ लावलं गेलं. माळावर झाडं लावणं हे पुण्यकर्म, असंच सगळ्यांना वाटत होतं. पण उघड्या गवतात अंडं घालणाऱ्या, लांबवर दिसल्याशिवाय स्वस्थ न बसणाऱ्या पक्ष्याला झाडांची गर्दी चालत नाही, हे कुणी विचारातच घेतलं नाही. १९७९ साली जाहीर झालेल्या आमच्या माळढोक अभयारण्याचं क्षेत्र कागदावर सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं. पुढे ते बाराशेच्या आसपास आणलं. आज तिथे माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

त्यामुळे अभयारण्यात जमीन अडकणं म्हणजे काय, हे कृपा करून मला शिकवू नका. आमच्या भावकीतल्या लोकांच्या जमिनी त्या साडेआठ हजारांत होत्या. विकता येईनात, बिगरशेती होईनात, मुलीच्या लग्नाला कर्ज काढायचं तर अडचण. माझे काका माळढोकाचं नाव काढलं की ताटावरून उठायचे. हा राग मी घरात ऐकत वाढले आहे, आणि तो ऐकूनही मी मरू उद्यानाच्या बाजूने लिहिते. मला गावकऱ्यांचं दुःख माहीत नाही, असं गृहीत धरायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?

उन्हाळ्याचं म्हणाल, तर मी मे महिन्यातच गेले होते. लेखातले फोटो मेमधलेच आहेत.

एक गोष्ट मान्य करते. मरू उद्यान कायद्याच्या दृष्टीने अजून अभयारण्यच आहे. १९८० साली ते जाहीर झालं, नावात ‘राष्ट्रीय उद्यान’ आलं, पण राष्ट्रीय उद्यानाची अंतिम अधिसूचना निघालेली नाही. हा तुमचा मुद्दा बरोबर आहे आणि लेखात तशी ओळ घातली आहे. मात्र त्यामुळे तिथल्या गवताची एक काडीही इकडची तिकडे होत नाही.

आता तुमचं ते वाक्य. ‘तिथे काहीही नाही.’

इतकी वर्षं तिथे राहून तुम्ही हे लिहिलंत, याचं मला खरंच वाईट वाटलं. उद्यानाच्या ३,१६२ चौरस किलोमीटरांपैकी वाळूच्या टेकड्या जेमतेम पाचवा हिस्सा आहेत. सम गावाजवळ उंटावर बसून लोक जे पाहतात तेवढंच वाळवंट नाही. बाकी आहे ते खडकाळ पठार, चुनखडीचे उंचवटे, मिठागरासारखे घट्ट तळ, आणि सेवण गवताची मैदानं. सेवण बहुवर्षायू गवत आहे. दीडशे-दोनशे मिलिमीटर पावसात ते ठोंब धरून उभं राहतं, मुळं खोल सोडतं, आणि वाऱ्याने पळणारी रेती जागच्या जागी बांधून ठेवतं. थारपारकर गाय, जिच्या दुधाचं आणि काटकपणाचं आपल्याकडचे पशुवैद्यही कौतुक करतात, ती या गवतावर उभी राहिलेली जात आहे. सेवण एकदा नांगरून काढलं की परत येता येत नाही असं नाही, पण ते सहजासहजी येत नाही. मोकळी झालेली रेती मात्र पहिल्याच आंधीत उठते.

सेवणाच्या ठोंबांमध्ये सांड्याची बिळं असतात. सांडा हा काटेरी शेपटीचा सरडा पाला खाणारा आहे, कुणाच्या वाटेला जात नाही, आणि तरी त्याच्या तेलाच्या खोट्या औषधांपायी बेसुमार मारला जातो. त्याच्यावर गरुड, ससाणे, रानमांजरं जगतात. त्याशिवाय चिंकारा आहे, वाळवंटी खोकड आहे. संध्याकाळी पाणवठ्यावर पखुर्डी पक्षी उतरतात. त्यांचा नर पोटाची पिसं पाण्यात भिजवून घेतो आणि ते पाणी कित्येक मैलांवरच्या पिल्लांना नेऊन पाजतो. हिवाळ्यात मध्य आशियातून तिलोर हा माळढोकाच्या कुळातला पक्षी येतो, गिधाडं येतात. ज्या गिधाडांसाठी आपण उर्वरित भारतात उसासे टाकतो, ती इथे मेलेल्या गुराभोवती एकत्र बसलेली दिसतात, कारण इथे अजून जनावरं आहेत आणि ती उघड्यावर मरतात.

आणि गोडावण. आपला माळढोक. ‘शेदीडशे पक्षी’ हे तुम्ही असं लिहिलंत, की जणू संख्या कमी आहे हा त्यांचाच दोष. पूर्वी हा पक्षी पंजाबपासून तमिळनाडूपर्यंतच्या माळांवर होता. आता जगात जे उरले आहेत त्यांतले बहुतेक जैसलमेरच्या भागात आहेत. मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नर पंधरा किलोपर्यंत भरतो, त्यामुळे उडताना त्याला चटकन वळता येत नाही. डोळे बाजूला असल्याने समोरचं नीट दिसत नाही, आणि नजर जमिनीवर असते. अशा पक्ष्याच्या वाटेत विजेच्या तारा आल्या की काय होतं, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं. भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासाचा अंदाज असा, की थारमध्ये तारांना धडकून दरवर्षी सुमारे १८ माळढोक मरतात. दीडशेतले अठरा. उद्यान आणि त्याच्या भोवतालच्या सुमारे ४,२०० चौरस किलोमीटरांत सर्व जातींचे मिळून वर्षाला ८४,००० पक्षी तारांनी मरत असावेत, असंही त्याच संस्थेचं म्हणणं आहे. ‘काहीही नाही’ अशा जागी वर्षाला ८४,००० पक्षी मरू शकत नाहीत, महोदय.

जमिनीच्या वरचं सोडा, खालचंही सांगते. जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर आकल आहे. उद्यानाचाच भाग. तिथे अठरा कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलाचे दगड झालेले बुंधे पडले आहेत. एक बुंधा तेरा मीटरहून लांब आहे. ज्या भूमीला तुम्ही कायमची ओसाड समजता तिथे एकेकाळी उष्ण, दमट हवेतलं घनदाट अरण्य होतं. तुमच्या प्रकल्पावरून हे ठिकाण काही फार लांब नसणार.

माणसांकडे येते, कारण ‘सांस्कृतिक ठेवा’ हे शब्द तुम्ही अवतरणचिन्हांत टाकले आहेत. मी ते विचार करून लिहिले होते.

खडीन बघितलंय का तुम्ही? खडकाळ उताराच्या पायथ्याशी मातीचा लांब, बुटका बांध घालतात. पावसाळ्यात उतारावरचं सगळं पाणी बांधाआड येऊन साठतं. ते जिरलं की त्या ओलीवर नोव्हेंबरात गहू आणि हरभरा पेरतात. वरून एक थेंब पाणी द्यावं लागत नाही. पालीवाल ब्राह्मणांनी पंधराव्या शतकाच्या सुमारास ही पद्धत बसवली असं मानतात. त्यांची गावं एकोणिसाव्या शतकात उठली, पण खडीन अजून पिकतात. सोलापुरात, जिथे याच्या दुप्पट-तिप्पट पाऊस पडतो, तिथे आम्ही टँकर मागवतो. म्हणून मी त्या बांधावर बराच वेळ उभी राहिले होते. आता विचार करा, खडीनाला पाणी कुठून येतं? वरच्या त्या ‘रिकाम्या’ खडकाळ उतारावरून. तो उतार हेच खडीनाचं पाणलोट. तलावांच्या आणि नाड्यांच्या (छोट्या गावतळ्यांच्या) अशा पाणलोटाला तिथे आगोर म्हणतात आणि जुन्या रीतीप्रमाणे आगोरात घाण करायची नाही, काही ठिकाणी तर जोडाही घालून जायचं नाही. उतार सपाट करून कुंपण घातलं की खाली गव्हाचं शेत सुकतं. बाहेरच्या माणसाला त्यात काहीच हरवलेलं दिसत नाही, कारण त्याच्या लेखी तिथे आधीही काही नव्हतं.

ओरणाचा तुम्ही उल्लेख केलात तो चेष्टेने. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, आपल्या देवराईचं मरुभूमीतलं भावंड. तिथे कुऱ्हाड चालत नाही. खेजडी, जाळ, केर, बोर ही झाडंझुडपं जशी वाढतील तशी वाढू देतात. गुरं चरतात, पडलेलं लाकूड उचलतात. उभ्या झाडाला हात लावायचा नाही. खेजडी म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची आपण पूजा करतो तीच. तिच्या शेंगा सांगरी म्हणून घरोघरी खातात आणि पाला शेळ्या-उंटांना जातो. देगरायच्या ओरणात माळढोक तारांना धडकून मेला आहे. गावकऱ्यांनी तिथे पायी मोर्चे काढले आहेत. ते मोर्चे पुण्यामुंबईच्या लोकांनी काढलेले नव्हते. डोक्यावर पगड्या बांधलेल्या, उंट राखणाऱ्या माणसांनी काढले होते, कारण महसुली दप्तरात ओरणाची कितीतरी जमीन सरकारी पडीक म्हणून लिहिलेली होती आणि त्यामुळे ती वाटून टाकता येत होती. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला अशा देवरानांचं सर्वेक्षण करून त्यांना वनाचा दर्जा द्यायला सांगितलं. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला ज्यात जपण्यासारखं काही दिसलं, ते तुम्हाला इतकी वर्षं तिथे राहून दिसलं नाही, तर दोष ओरणाचा नाही.

मांगणियारांबद्दल मी लेखात थोडंच लिहिलं होतं, इथे थोडं जास्त लिहिते. हे मुसलमान गायक पिढ्यान्‌पिढ्या राजपूत यजमानांच्या घरी जन्माला, लग्नाला, मरणाला गातात. यजमानाची वंशावळ त्यांना तोंडपाठ असते. कमायचा या त्यांच्या गजाने वाजवायच्या वाद्याच्या पोटाला शेळीचं कातडं ताणलेलं असतं आणि मुख्य तारा आतड्याच्या असतात. यजमान बिदागी द्यायचा ती उंट, गाय, शेळ्यांच्या रूपात, कारण त्याचं धन तेच होतं. हे धन चरतं कुठे? सेवणावर आणि ओरणात. चराई गेली की यजमान जनावरं विकून गुजरातेत मजुरीला जातो, आणि गायकाला हॉटेलच्या गच्चीवर पर्यटकांसमोर गावं लागतं. ते गाणं मी ऐकलं आहे. आवाज तोच असतो. पण एका म्हाताऱ्या गायकाने मला सांगितलं, की घरात बाळ झालेलं नसताना बाळाचं गाणं गाताना त्याला शरम वाटते. मी याला संस्कृती म्हणते. यापेक्षा चांगला शब्द तुमच्याकडे असेल तर कळवा.

बाकीचे मुद्दे थोडक्यात.

विजेचं: सौर ऊर्जेविरुद्ध मी एक अक्षरही लिहिलेलं नाही. लेख पुन्हा वाचा. तारा कुठून न्याव्यात आणि जमिनीखालून कुठे न्याव्यात, हा वाद सर्वोच्च न्यायालयात २०१९ पासून चालला. आधी २०२१ मध्ये सरसकट तारा जमिनीखाली घालण्याचा आदेश झाला, मग मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. त्यावर माझ्यापेक्षा जाणकार लोक बोलत आहेत. ओरणातून वीज मिळते का, असल्या प्रश्नाला मी उत्तर देणार नाही.

गावांच्या रस्त्या-विजेचं: प्रश्न खरा आहे, पण तो सरकारी कारभाराचा आहे. उद्यानात मोलाचं काय आहे, या प्रश्नाचं ते उत्तर होत नाही. माझा लेख त्या मोलाच्या प्रश्नावर होता.

‘चैन’ म्हणालात त्याचं: जैसलमेर जिल्हा अडतीस हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे, आणि उद्यानाचा एक मोठा तुकडा तर शेजारच्या बाडमेरमध्ये आहे. उरलेली सगळी जमीन तुमच्या कंपन्यांना कमी पडते आहे का? उद्यानाच्या आत माणसं राहतात, शेती करतात, गुरं चारतात. खरोखर कुंपण घालून राखलेले तुकडे सुदासरीसारखे थोडे आहेत, आणि माळढोक अंडी घालतो तो मुख्यत्वे तिथेच. २०१९ मध्ये रानातली अंडी उचलून समच्या केंद्रात उबवायला सुरुवात झाली. आता तिथे वाढलेल्या पक्ष्यांनाही पिल्लं झाली आहेत. ही पिल्लं उद्या सोडायची कुठे? तुम्ही म्हणता तसा तो माळ ‘उपयोगात’ आणला, तर ती जन्मभर पिंजऱ्यातच राहतील. माझ्या तालुक्यात आज कुणी असे पन्नास माळढोक आणून दिले तरी सोडायला जागा नाही. जागा होती, तेव्हा तिथे काही नाही असं म्हणणारे लोक भरपूर होते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही आणि काढणारही नाही. एकच विचारते, आणि यावर मला खरंच उत्तर हवं आहे. तुम्ही ज्या प्रकल्पावर होतात, तिथून निघणाऱ्या तारांवर पक्ष्यांना दिसावेत म्हणून लावतात ते डायव्हर्टर होते का? असतील तर किती लांबीपर्यंत, आणि वर्षभराने त्यांतले किती जागेवर होते? तुम्ही तिथे होतात, मी नव्हते. हे लिहून पाठवलंत तर काहीही न बदलता इथेच छापेन.